वरमाय पॅकेज, फक्त ४,९९९

लग्नसराई सुरू झाली की आपल्या गावातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर मंगल कार्यालय, केटरर, डीजे, घोडा अशी पोस्टरं फिरायला लागतात. यंदा त्यात एक नवीन भर पडली. गुलाबी पोस्टर, त्यावर कुणातरी परदेशी बाईचा गुळगुळीत चेहरा आणि खाली मजकूर: "वरमाय स्पेशल! गोल्ड फेशियल + हेअर स्पा + बोटॉक्स, फक्त ४,९९९. हळदीच्या दोन दिवस आधी या, दहा वर्षांनी तरुण दिसा." पत्ता दिलाय, मोबाईल नंबर दिलाय. डॉक्टरचं नाव मात्र कुठंच नाही.

ग्रुपवर यावर काय झालं? हसणाऱ्या इमोजींचा पाऊस. "काकूंनीपण बाशिंग बांधलं का?" "आता सासू कोण नि सून कोण ओळखणार कसं?" असल्या कोट्या. एकाही माणसानं विचारलं नाही की सुई टोचणार कोण, आणि सुईत असणार काय.

म्हणून ही पोस्ट. लांब आहे, सवडीनं वाचा. आणि घरातल्या बायकांना वाचायला द्या, नुसती त्यांच्यावर हसायला फॉरवर्ड करू नका.

आधी बोटॉक्स म्हणजे काय ते बघू, कारण आपल्याकडं या शब्दाचा पार चिवडा झालाय. बोटॉक्स हे एका कंपनीचं ब्रँडनाव. औषधाचं नाव बोट्युलिनम टॉक्सिन. टॉक्सिन म्हणजे विष, आणि इथं तो शब्द शब्दशः घ्यायचा. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाचा जंतू हे विष तयार करतो. १८२० च्या दशकात जर्मनीतल्या युस्टिनस केर्नर नावाच्या डॉक्टरनं खराब सॉसेज खाऊन लुळी पडणारी, मरणारी माणसं अभ्यासली. लॅटिनमध्ये बोट्युलस म्हणजे सॉसेज, त्यावरून हे नाव. माणसाला माहीत असलेल्या सगळ्यांत जहाल विषांपैकी हे एक.

मग हे चेहऱ्यावर कशाला टोचतात? मेंदूनं स्नायूला "आवळ" असा हुकूम सोडला की मज्जातंतूच्या टोकाशी असिटिलकोलिन नावाचं रसायन बाहेर पडतं आणि स्नायू आवळतो. हे विष नेमकं ते रसायन बाहेर पडू देत नाही. हुकूम निघतो, पण पोचत नाही. स्नायू ढिला पडतो. अगदी किंचित प्रमाणात, अगदी नेमक्या जागी दिलं तर त्याचा उपयोग होतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या अॅलन स्कॉट या डोळ्यांच्या डॉक्टरांनी ते तिरळेपणावर वापरून दाखवलं आणि १९८९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं तिरळेपणा आणि पापण्यांच्या आचक्यांसाठी त्याला मान्यता दिली. पुढं कॅनडात व्हँकुव्हरला जीन कॅरथर्स या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंच्या लक्षात आलं की पापणीसाठी इंजेक्शन घेणाऱ्या पेशंटच्या कपाळावरच्या आठ्याही जातायत. त्यांचे पती अॅलस्टेअर हे त्वचेचे डॉक्टर. दोघांनी मिळून १९९२ मध्ये त्यावर निबंध छापला. २००२ मध्ये अमेरिकेत दोन भुवयांमधल्या आठ्यांसाठी अधिकृत मान्यता मिळाली आणि बाकी सगळा बाजार त्यानंतरचा.

आजही हेच औषध अर्धशिशीला वापरतात, काखेतल्या अति घामाला वापरतात, सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांचे आखडलेले पाय सैल करायला वापरतात. त्या मुलांच्या आईबापांना विचारा त्याची किंमत काय असते. थोडक्यात, हे खरं औषध आहे, त्यामागं अभ्यास आहे, आणि योग्य हातात ते बऱ्यापैकी सुरक्षित आहे. "बोटॉक्स केलं की चेहरा कायमचा वाकडा होतो" हे जसं खोटं, तसं "काही नसतं हो त्यात, फेशियलसारखंच" हेही खोटं.

दुसरी गंमत अशी की गावात बोटॉक्सच्या नावाखाली जे विकलं जातं त्यात पुष्कळदा बोटॉक्स नसतंच. "हेअर बोटॉक्स" म्हणून केसांना जे लावतात ते केस मऊ करणारं कंडिशनिंग. त्यात हे विष नसतं. "बोटॉक्स क्रीम", "बोटॉक्स फेशियल" तर त्याहून पुढचं. हा रेणू इतका मोठा की धडधाकट कातडीवर नुसता चोळून तो स्नायूपर्यंत पोचत नाही, म्हणूनच तर सुई लागते. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. यात पैसे जातात, जीव जात नाही, म्हणून मी इथंच सोडतो. माझा प्रश्न सुईचा आहे.

आता ते पॅकेज पुन्हा वाचा.

"हळदीच्या दोन दिवस आधी या." बोटॉक्सचा परिणाम सुईबरोबर दिसत नाही. दिसायला साधारण तीन ते पाच दिवस लागतात आणि पूर्ण परिणामाला दोन आठवडे. हळदीच्या दोन दिवस आधी टोचून घेणाऱ्या वरमाईच्या चेहऱ्यावर लग्नात काय दिसणार? झालाच तर सुईचा काळानिळा डाग. आणि काही चुकलंच तर त्याचा परिणाम बरोबर लग्नाच्या आणि सत्यनारायणाच्या मधे उमटणार. जाणकार डॉक्टर म्हणूनच महिनाभर आधी बोलावतात. दोन आठवड्यांनी परत बघतात, कमीजास्त असेल तर सुधारतात.

"फेशियल + बोटॉक्स" एकाच बैठकीत. टोचल्यावर ती जागा चोळायची नाही, दाबायची नाही, काही तास आडवं पडायचं नाही, निदान दिवसभर मसाज नाही, हे कुठलाही त्वचेचा डॉक्टर पहिल्यांदा सांगतो. कारण औषध शेजारच्या स्नायूत पसरू शकतं. आणि फेशियल म्हणजे काय? खुर्ची आडवी करून अर्धा तास चेहरा चोळणं. ज्यानं हे पॅकेज बनवलं त्याला हे माहीत नाही, एवढं त्या पोस्टरवरूनच कळतं. वेगळा पुरावा लागत नाही.

आणि ४,९९९. भुवयांमधल्या आठ्यांना नेहमीचा डोस २० युनिटचा, पाच ठिकाणी विभागून. शहरातल्या दवाखान्यांत युनिटला साधारण अडीचशे ते चारशे रुपये घेतात. नुसत्या आठ्यांचाच हिशेब पाच ते आठ हजारांवर जातो. त्यात गोल्ड फेशियल आणि हेअर स्पा बसवून ४,९९९ मध्ये परवडतं कसं? एकतर औषध खूप पातळ केलेलं, किंवा जुनं, किंवा नकली. अस्सल औषध पावडरच्या रूपात येतं, २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं, सलाईनमध्ये विरघळवून वापरतात. लेबलवर लिहिलेलं असतं की एक बाटली एकाच पेशंटला आणि विरघळवल्यावर २४ तासांत. आपल्याकडं उन्हाळ्यात लाईट किती तास जाते हे मी सांगायला नको. ज्या फ्रिजमध्ये ब्लीचची क्रीमं आणि पाण्याच्या बाटल्या आहेत, त्यात ही बाटली कधीपासून आहे हे कोण तपासणार?

नकलीचा मुद्दा मी भीती घालायला काढलेला नाही. २००४ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडात चार माणसांना प्रयोगशाळेसाठीचं, माणसांवर वापरायला मनाई असलेलं विष टोचलं गेलं. टोचणारा स्वतः डॉक्टर होता, आणि टोचून घेणाऱ्या चौघांत तोही होता. चौघेही लुळे पडून व्हेंटिलेटरवर गेले. २०२४ मध्ये त्याच देशात नकली किंवा गैरमार्गानं आलेल्या, नाहीतर नीट न हाताळलेल्या इंजेक्शनांनी त्रास झालेल्या २२ जणींची नोंद सरकारनं जाहीर केली, त्यातल्या ११ जणींना दवाखान्यात ठेवावं लागलं. काहींना ते घरात किंवा स्पामध्ये टोचलं होतं. २०२५ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्येही अशीच लाट आली. जिथं तक्रार नोंदवायला यंत्रणा आहे, तिथं आकडा तरी कळतो.

आपल्याकडं काय होतं ते सांगतो. संबंधित ताईंनी लिहायला परवानगी दिलीय, ओळख पटेल असं काही लिहीत नाही.

पंचेचाळिशीच्या गृहिणी. पुतणीच्या लग्नाआधी एका पार्लरमध्ये कपाळाला आणि भुवयांमध्ये टोचून घेतलं. घरात कुणाला सांगितलं नव्हतं. आठव्या दिवशी सकाळी डाव्या डोळ्याची पापणी अर्धी खाली. सासूबाई म्हणाल्या, तोंडावरून वारं गेलं. झालं, घर हादरलं. कुणी म्हणालं कबुतराचं रक्त चोळा, कुणी म्हणालं अमुक गावच्या माणसाकडं नेऊन आणा. नवरा शहाणा, त्यानं गाडी काढून जिल्ह्याला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी वय बघून, बीपी बघून, मेंदूचा झटका तर नाही ना म्हणून मेंदूचे फोटो काढायला लावले. रिपोर्ट चांगले. मग रक्ताच्या तपासण्या. दोन दिवस अॅडमिट, वीसेक हजारांचा खर्च. आणि या सगळ्यात ताई गप्प. शेजारी नवरा बसलेला, दीर बसलेला, सांगणार कसं? शेवटी रात्रपाळीच्या सिस्टरनं एकटी असताना विचारलं, "ताई, काही टोचून घेतलंय का चेहऱ्याला?" तेव्हा रडत रडत सांगितलं.

पापणी पडणं हा बोटॉक्सचा माहीत असलेला दुष्परिणाम आहे. औषध मंजूर होताना ज्या चाचण्या झाल्या त्यातसुद्धा साधारण ३ टक्के लोकांना तो झाला होता, आणि तिथं टोचणारे कसलेले डॉक्टर होते. काही आठवड्यांत पापणी आपोआप वर येते. या ताईंचीही सहा आठवड्यांनी आली. पण लग्नाच्या अल्बममध्ये त्या एकाही फोटोत नाहीत.

पार्लरवालीला विचारलं तर ती म्हणाली, तुमच्या अंगात उष्णता आहे.

मला राग त्या पार्लरवालीचा येतो, पण सगळा नाही येत. आपल्या गावातल्या पार्लर चालवणाऱ्या बायका कोण आहेत? कुणाचा नवरा पितो, कुणी एकटी मुलं वाढवतेय. पंधरा-पंधरा वर्षं आयब्रो करून करून मान धरली त्यांची. अशा बाईला कुणीतरी पुण्या-मुंबईत दोन दिवसांच्या कोर्सला बोलवतं, तीस-चाळीस हजार घेतं, गाऊन आणि चौकोनी टोपी घालून फोटो काढतं आणि "सर्टिफाइड" असा कागद देतं. तिला खरंच वाटतं आपण शिकलो. चेहऱ्यात किती स्नायू, कुठली नस कुठून जाते, हे दोन दिवसांत कसं कळावं? त्वचेचा डॉक्टर आधी एमबीबीएस करतो, मग वर तीन वर्षं त्वचेचंच शिकतो. पहिला दोषी तो कोर्स विकणारा आहे, आणि तो कुठल्याच पोस्टरवर नसतो.

कायद्याचं म्हणाल तर बोट्युलिनम टॉक्सिन हे सौंदर्यप्रसाधन नव्हे, औषध आहे, डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळणारं. १९६१ च्या महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियमानुसार नोंदणी नसताना वैद्यकी करणं गुन्हा आहे. बोगस डॉक्टर शोधायला जिल्हा-तालुका पातळीवर समित्या आहेत. पण त्या समित्यांच्या डोळ्यांसमोर बोगस डॉक्टर म्हणजे वाडी-वस्तीवर सलाईन लावणारा माणूस. एसी पार्लरमध्ये गुलाबी अॅप्रन घालून टोचणारी व्यक्ती त्यांच्या यादीत बसतच नाही. आणखी एक विरोधाभास बघा. पेशंट ओढायला जाहिरात करायला डॉक्टरांना २००२ च्या आचारसंहितेनं मनाई आहे. पार्लरला ती आचारसंहिता लागूच नाही. म्हणजे ज्याला येतं त्यानं गप्प बसायचं आणि ज्याला येत नाही त्यानं चौकात फ्लेक्स लावायचा. आमच्या धंद्याचंही सांगून टाकतो, लपवण्यात अर्थ नाही. लग्नसराईत जिल्हा पुरवण्यांना अशा जाहिराती हव्या असतात. त्याच पानावर त्याची बातमी कधी येत नाही, कारण उघड आहे.

आता हसणाऱ्यांकडं येतो.

कुठल्या बाईनं आठ्या घालवाव्यात आणि कुठल्या बाईनं नाही, हे ठरवणारे आपण कोण? माझं स्वतःचं मत विचाराल तर मला आठ्या असलेले चेहरे आवडतात, पण माझं मत विचारलंय कुणी? आपले पुढारी बघा. फ्लेक्सवर साठीचा माणूस पंचविशीचा दिसतो, गालाला डाग नाही, डोक्यावर गच्च केस. त्याला आपण "युवा नेतृत्व" म्हणून हार घालतो. मिशीला कलप लावणाऱ्यावर कुणी कोटी करत नाही. केस लावून आलेल्या माणसाला आपण "वा, मस्त दिसतंय" म्हणतो. बाईनं काही केलं की मात्र ती नटवी.

याचा परिणाम काय होतो? ती करायची थांबत नाही. ती लपून करते. लपून करायचं म्हणजे जिल्ह्याच्या डॉक्टरकडं जाता येत नाही, कारण त्याला दिवस मोडतो, गाडी लागते, घरात कारण सांगावं लागतं. पार्लरला जायला कारण लागत नाही. पैसेही घरखर्चातून वाचवलेले, म्हणून ४,९९९ चं पॅकेज. आणि काही बिघडलं तर डॉक्टरसमोर तोंड उघडत नाही, तक्रार तर लांबच. त्या ताईंना दोन दिवस गप्प ठेवलं ते आपल्या या कोट्यांनीच.

तरी ज्यांना करायचंच आहे त्यांच्यासाठी चार गोष्टी. आरशासमोर उभ्या राहा, कपाळाला आठ्या घाला, मग चेहरा सैल सोडा. ज्या रेषा सैल सोडल्यावर जातात त्या बोटॉक्सच्या कामाच्या. ज्या तशाच राहतात त्या फार तर थोड्या फिक्या होतील. वांग, काळी वर्तुळं, गालाची लोंबलेली कातडी, रंग, यातलं काहीही बोटॉक्सनं बदलत नाही. कुणी "गोरं करणारं बोटॉक्स" म्हणालं की तिथूनच उठा. ओठ किंवा गाल भरतात ते फिलर, ते वेगळं औषध. ते रक्तवाहिनीत गेलं तर कातडी मरते, क्वचित डोळाही जातो, म्हणजे जोखीम आणखी मोठी. बोटॉक्सचा परिणाम तीन-चार महिने टिकतो. म्हणजे ही एकदाची साडीखरेदी नव्हे, दर तिमाहीचा हप्ता आहे, तो झेपतो का ते बघा. हप्ता थांबवला तर चेहरा पहिल्यासारखा होतो, पहिल्यापेक्षा वाईट होत नाही, त्याची भीती कुणी घातली तर ऐकू नका.

गरोदर असाल, अंगावर पाजत असाल तर नको. मायस्थेनिया ग्रॅव्हिससारखा स्नायूंचा आजार असेल तर नकोच. कुठलीही औषधं चालू असतील, विशेषतः अँटिबायोटिकची इंजेक्शनं, तर आधी सांगा. डॉक्टरचा नोंदणी क्रमांक मागा. तो महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या संकेतस्थळावर तपासता येतो, पोराबाळांना सांगितलं तर दोन मिनिटांत काढून देतील. बाटली आपल्यासमोर उघडायला सांगा, तिच्यावरचं नाव, बॅच नंबर आणि तारखेचा फोटो काढून ठेवा, पावती घ्या. किती युनिट टोचले ते लिहून घ्या, आणि लक्षात ठेवा की एका कंपनीचं युनिट दुसऱ्या कंपनीच्या युनिटाबरोबर जुळत नाही. हे विचारल्यावर जो डॉक्टर चिडेल, त्याच्याकडं करू नका.

आणि टोचून घेतल्यानंतर काही तासांत किंवा काही आठवड्यांतही गिळायला त्रास, बोबडं बोलणं, एकाचं दोन दिसणं, दम लागणं असं काही झालं, तर घरगुती उपायात वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा, व्हेंटिलेटर असलेल्या दवाखान्यात जा आणि पहिल्या वाक्यात सांगा की बोटॉक्स घेतलंय. २००९ पासून अमेरिकेत या औषधाच्या पाकिटावर हाच इशारा ठळक चौकटीत छापतात. तो छापताना तिथल्या प्रशासनानं हेही सांगितलं होतं की आठ्यांसाठी ठरलेल्या डोसमध्ये दिल्यावर असं गंभीर पसरल्याची खात्रीशीर नोंद नव्हती. ठरलेलं औषध आणि ठरलेला डोस, भानगड तिथंच आहे. यावर प्रतिविष असतं, लवकर दिलं तर लकवा पुढं वाढत नाही, पण जेवढा आलाय तेवढा ओसरायला आठवडे-महिने जातात. म्हणून लाज वाटली तरी बोला. नवऱ्याला बाहेर थांबवायला सांगा आणि बोला.

गेल्या सोमवारी मी माहिती अधिकारात दोन अर्ज टाकलेत. एक अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात: गेल्या तीन वर्षांत जिल्ह्यातल्या किती ब्युटी पार्लर आणि तथाकथित स्किन क्लिनिकमध्ये इंजेक्शनच्या औषधांची तपासणी झाली, किती ठिकाणी साठा सापडला, पुढं काय झालं. दुसरा तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडं: बोगस डॉक्टर शोधणाऱ्या समितीची शेवटची बैठक कधी झाली आणि पार्लरचा विषय तिच्यासमोर कधी आला का. कायद्यानं तीस दिवसांत उत्तर द्यायला पाहिजे. आलं की जसंच्या तसं इथं टाकतो.

कमेंटमध्ये कुठल्या पार्लरचं किंवा बाईचं नाव लिहू नका, मी उडवीन. कुणाला असा त्रास झाला असेल आणि बोलायचं असेल तर इनबॉक्स करा. माझ्याशी बोलायला अवघड वाटत असेल तर तसं कळवा, आमच्या पेपरमधल्या सहकारी ताई फोन करतील.